आडवं आलेलं जांभूळ

देवाने केलेली कुठलीही गोष्ट आहे तशी चालू द्यायची नाही, असा पण करून जन्माला आलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. त्यांच्याविषयी लिहा, असं मला अनेकांनी सांगितलं आणि दर वेळी मी गुडघेदुखीचं कारण पुढे केलं. माणूस गुडघ्यांनी लिहीत नाही, हे मलाही कळत होतं. आता साडू गेले. प्रवरेच्या घाटावर त्यांचा दशक्रिया विधी झाला आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे, पिंडाला कावळा शिवायची वाट पाहता पाहता माणसं एकेक करून उठली आणि दोन शब्द बोलली. प्रत्येकाच्या दोन शब्दांत एक गोष्ट हमखास होती. नव्वदच्या दशकाच्या शेवटी, जिथं टेलिफोनची तारसुद्धा पोचली नव्हती त्या मळ्यातल्या वस्तीवर साडूंनी बिनतारी इंटरनेट नेलं, आणि ते नीट चालावं म्हणून सरांच्या सल्ल्याने विहिरीवरचं जांभूळ तोडलं. ते सर म्हणजे मी. बोलणारा प्रत्येक जण माझ्याकडे हात करायचा आणि मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना वाटलं, दुःखाने. दुःख होतंच. पण मान त्याने खाली गेली नव्हती. म्हणून आता लिहितो.

माझी बायको थोरली, साडूंची धाकटी. मी नेवाशात शाळेत विज्ञान शिकवायचो आणि साडू गावापासून कोसभर लांब, नदीच्या अंगाला मळ्यात राहायचे. त्यांच्या लग्नात पहिल्यांदा भेटले तेव्हाच मला कळलं होतं की हे प्रकरण वेगळं आहे, कारण मंगलाष्टकं चालू असताना लाऊडस्पीकर खरखरू लागला आणि बोहल्यावर उभ्या असलेल्या नवऱ्या मुलाने बंडीच्या खिशातून पक्कड काढली. अंतरपाट तसाच धरून ठेवायला सांगून ते स्पीकरवाल्याकडे गेले, कुठलीशी तार पिळली आणि परत येऊन उभे राहिले. भटजींचा आवाज असा खणखणीत झाला की पुढची मंगलाष्टकं नदीपलीकडे ऐकू गेली म्हणतात. ती पक्कड पुढे आयुष्यभर त्यांच्या खिशात राहिली. मयतीला, मुलगी पाहायला, कारखान्याच्या सभेला, सगळीकडे. एकदा मी विचारलं, "साडूभाऊ, मयतीला पक्कड कशाला?" तर म्हणाले, "तिरडीची तार कोन नीट बांधतंय हल्ली?"

जगातल्या सगळ्या बिघाडांविषयी त्यांचा एकच सिद्धांत होता. कुठलीही गोष्ट चालत नसेल तर तिच्या वाटेत काहीतरी आडवं येत असतं. ते शोधायचं आणि काढायचं. मोटार पाणी उचलत नाही, काहीतरी आडवं आलंय. म्हैस दूध चोरते, काहीतरी आडवं आलंय. भाच्याचं लग्न जमत नाही, तर कोण आडवं येतंय ते बघा. या सिद्धांतावर माणूस किती लांब जाऊ शकतो हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. घरात वारा येत नाही म्हणून त्यांनी एक भिंत काढली होती. वारा आला. मग छप्पर हलायला लागलं, म्हणून तिथे खांब आला, आणि तो खांब आडवा येतो म्हणून आमची मेहुणी पुढची कित्येक वर्षं ताटं घेऊन वळसा घालून जात होती.

त्यांना एकच मुलगी, वैशाली. जन्मापासून तिला ऐकू येत नव्हतं. इथे तरी साडू म्हणतील की काय आडवं आलंय ते शोधू, अशी मला भीती होती. पण यावर इलाज नाही, असं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितल्यावर त्यांनी त्या एका गोष्टीला हात लावला नाही. उलट स्वतःलाच बदललं. नगरच्या मूकबधिर शाळेतून ती सुट्टीला आली की जे हातवारे शिकून यायची ते साडू शिकले, बायकोला शिकवले, गड्याला शिकवले, आणि जे शाळेत नव्हते ते घरी बनवले. भाकरी, पाऊस, विंचू, कारखान्याचा चेअरमन, प्रत्येकाला एक खूण होती. चेअरमनची खूण मी इथे वर्णन करत नाही. पुढे पुढे ते आम्हा ऐकणाऱ्यांशीही हातांनी बोलू लागले, आणि मोपेड चालवताना मागे बसलेल्याशी बोलायचे तेव्हा मागे बसलेला डोळे मिटून घ्यायचा.

ती पुण्याला कॉम्प्युटरवर टायपिंगच्या नोकरीला निघाली, तेव्हा मी नेवासा फाट्यावर सोडायला गेलो होतो. एसटीभोवती नेहमीचा कल्लोळ होता. पोचल्यावर फोन कर, पिशवी सांभाळ, खिडकी उघड गं, ऐकू येत नाही. खिडकी गंजलेली, उघडेना. बाकीचे आईबाप काचेवर ठोकत ओरडत होते आणि साडू दहा पावलं लांब उभे राहून शांतपणे वैशालीशी गप्पा मारत होते. गाडी सुटली, वळली, तरी त्यांचं चालू होतं. मग खाली हात सोडून म्हणाले, "काच बंद असली तरी आमचं चालतं." आणि जरा वेळाने, गाडी दिसेनाशी झाल्यावर, "पर दिसायला पायजे."

ही खरी अडचण होती. सगळ्यांची पोरं एसटीडी बूथवरून हाक मारायची. साडूंना फोन असता तरी नसल्यासारखाच होता. पत्रं येत होती, पण पत्र म्हणजे बोलणं नव्हे, असं त्यांचं म्हणणं. "इकडनं एक, तिकडनं एक, मग इकडनं, असं पायजे. पत्र म्हंजे किर्तन, एकानं बोलायचं, बाकीच्यानी आयकायचं." मग वैशालीनेच कळवलं की तिच्या ऑफिसात इंटरनेट आलं आहे, दुपारी काम संपल्यावर ती एक तास वापरू शकते, आणि दोन्हीकडे कॉम्प्युटर असेल तर समोरासमोर बसल्यासारखं लिहून बोलता येतं. साडूंनी ते पत्र खिशात घातलं, पक्कडीशेजारी, आणि त्या दिवसापासून तालुक्यात कुणाला स्वस्थता उरली नाही.

वस्तीवर तार यायला सात जन्म लागले असते. पण त्या काळात आमच्या भागातल्या बागायतदारांत लांब पल्ल्याच्या कॉर्डलेसचं वेड आलं होतं. गावातल्या घराच्या फोनला एक पेटी जोडायची, गच्चीवर पाईप उभा करून अँटेना लावायचा, आणि मळ्यात दुसरी पेटी, दुसरा अँटेना. मधे तार नाही. त्याला परवाना लागतो, हे आम्हाला फार नंतर कळलं. साडूंना गावातलं घर नव्हतं, मला होतं, फोनही होता. माझ्या गच्चीवर पाईप उभा राहिला. नगरच्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने मळ्यातल्या पेटीत काहीतरी करून कॉम्प्युटरची तार त्यात बसवून दिली. कॉम्प्युटर वैशालीच्या ऑफिसने काढून टाकलेला, एसटीच्या टपावरून पोत्यात बांधून आला. चार ते पाच ही वेळ ठरली. त्या तासात आमच्या घरात कुणी फोन उचलायचा नाही, म्हणून साडू स्वतः येऊन फोनवर पितळी परात पालथी घालून गेले.

पहिल्या दिवशी मी मळ्यात हजर होतो. पेटी किंचाळली, खाकरली, शिट्ट्या वाजवल्या, आणि काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी उमटलं, "बाबा जेवलात का". साडूंनी एका बोटाने उत्तर द्यायला घेतलं. एकेक अक्षर सापडलं की "हं, हितं बसलंय" असं म्हणायचे. "हो" एवढं लिहून होईपर्यंत चहा निवला. पण ते "हो" पुण्याला पोचलं, तिकडून हसल्याची खूण आली, आणि हा माणूस पडद्यासमोर दोन्ही हात उचलून तिच्याशी बोलायला लागला. तिला दिसत नव्हतं, हे आम्ही कुणी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून कनेक्शन तुटू लागलं. चाललंय चाललंय, आणि मधेच गप्प. पुन्हा लावायचं, पुन्हा किंचाळी, पुन्हा गप्प. अर्धी वाक्यं यायची. एकदा "बाबा मला इथे" एवढंच आलं आणि सगळं थंड पडलं. साडूंना रात्रभर झोप नाही. मला इथे काय? त्रास होतो? करमत नाही? कुणी काही बोललं? पहाटेच्या गाडीने ते वाक्याचा उरलेला भाग आणायला पुण्याला गेले. वाक्य होतं, "बाबा मला इथे बाजरीची भाकरी मिळत नाही." परत येऊन त्यांनी ते मला सांगितलं तेव्हा आम्ही दोघंही खूप हसलो. मग पिशवीत बाजरीचं पीठ घेऊन ते पुन्हा फाट्यावर गेले.

आणि मग सिद्धांत कामाला लागला. माझी गच्ची आणि त्यांचा गोठा यांच्यामधली सरळ रेषा त्यांनी मनात पक्की केली आणि त्या रेषेत जे जे होतं त्याची उचलबांगडी सुरू झाली. कडब्याची गंजी हलली. म्हैस दुसऱ्या दावणीला गेली आणि रागाने दोन दिवस आटली. धुणं वाळत घालायची दोरी घराच्या मागे गेली. अँटेनाच्या मागे परावर्तनासाठी कुकरचं झाकण बांधलं गेलं, आणि घरात डाळ कच्ची राहू लागली. मेहुणीने सगळं सहन केलं. पण साडूंची नजर अंगणातल्या तुळशीवर गेल्याबरोबर ती पदर खोचून दारात उभी राहिली. "तुळस आडवी येत आसंल तर सांगा, तिच्याऐवजी मी पडते आडवी." तुळस वाचली.

रेषेत पुढे शेजाऱ्याचा ऊस होता, डोक्याच्या वर गेलेला. साडू मोपेड घेऊन कारखान्याच्या शेतकी खात्यात गेले आणि शेजाऱ्याच्या उसाला तोड लवकर द्या, अशी मागणी केली. कारण विचारलं तर सांगितलं, इंटरनेट. तिथला अधिकारी मुरलेला होता. त्याने विचारलं, "तुमच्या इंटरनेटचा उतारा टनाला किती पडतो? साखरेपेक्षा जास्त आसंल तर उद्याच टोळी धाडतो." दुसरा कुणी असता तर ओशाळून परत आला असता. साडू रोज जाऊन बसू लागले. शेवटी त्यांना उठवण्यासाठी टोळी आली. ऊस गेला, आणि माझ्या गच्चीवरून वस्तीचे पत्रे पहिल्यांदा चकाकताना दिसले. त्या संध्याकाळी त्यांनी पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी चारला कनेक्शन लागलं, आणि तुटलं.

आता माझ्याविषयी. आमच्या घरात फोन दिसायला एकच होता, परातीखालचा. पण झोपण्याच्या खोलीत खिडकीच्या कोनाड्यात, पडद्यामागे, दुसराही होता. एक्स्चेंजमधल्या ओळखीच्या वायरमनकडून मी तो परस्पर जोडून घेतला होता. ते नियमात बसत नव्हतं म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं, साडूंनाही नाही. तो घेतला होता तो माझ्या मुलासाठी. मुलगा ठाण्याला नोकरीला. त्याचा फोन रात्रीअपरात्री आला तर उठून बाहेरच्या खोलीत जाईपर्यंत बंद पडू नये, एवढाच हेतू. तो फोन फारसा करत नसे. पण चार ते पाच लाईन अडकलेली असायची आणि नेमका त्याच तासात तो आपल्याला लावत असेल, असं माझ्या मनाने घेतलं. म्हणून मी दुपारी कोनाड्यातला रिसीव्हर हळूच उचलून कानाला लावायचो. साडूंचं झालं का ते बघायला. किंचाळी ऐकू आली की ठेवून द्यायचो, थोड्या वेळाने पुन्हा उचलायचो. बायको म्हणायची, "कशाला हात लावता, भाऊजींचं चालू असेल." मी म्हणायचो, "मी बोलतोय कुठे? नुसता ऐकतोय." जन्मभर पोरांना लहरी आणि विद्युतप्रवाह शिकवलेला माणूस मी. दाराला कान लावला म्हणून दार मोडत नाही, असाच माझा हिशेब होता.

खरं सांगायचं तर अजून एक गोष्ट होती. वैशाली रोज बापाशी बोलत होती. कानाने अधू असलेली पोर रोज, आणि माझा धडधाकट मुलगा महिन्यातून एकदा. तो किंचाळणारा आवाज ऐकताना मला काय वाटायचं, ते मी तेव्हा स्वतःलाही सांगितलं नाही.

ऊस जाऊनही तुटतंय म्हटल्यावर साडू माझ्याकडे आले. बरोबर वस्तीवरची चार माणसं. आता सरच सांगतील, असं ठरवून आले होते. निवृत्त मास्तराला कुणी काही विचारलं की काय होतं, ते निवृत्त मास्तरालाच ठाऊक. मी अंगणात काठीने रेघ ओढली. ही माझी गच्ची, हा तुमचा गोठा. रेडिओच्या लहरी शक्यतो सरळ रेषेत जातात, ओल्या पानांत त्या शोषल्या जातात, आणि या रेषेत आता काय उरलं? साडूंनी रेघेकडे बराच वेळ पाहिलं. मग हळूच म्हणाले, "जांभूळ."

ते जांभूळ विहिरीच्या काठावर होतं आणि त्याच्या खाली मोटारीची पत्र्याची खोली होती. उन्हाळा संपता संपता जांभळं पत्र्यावर पडायची. लहानपणी वैशाली त्या खोलीच्या पत्र्याला तळहात लावून उभी राहायची. वर जांभूळ पडलं की तिला हाताला कळायचं आणि ती हसायची. मग धावत जाऊन शोधून आणायची. कुठलं जांभूळ किती पिकलंय तेसुद्धा तिला पडण्यावरून समजतं, असं साडू छातीठोकपणे सांगायचे. हे मला माहीत होतं. रेघ ओढताना माहीत होतं.

साडूंनी दोन दिवस विचार केला आणि लाकूडतोड्यांना सांगावा धाडला. आदल्या दुपारी मी नेहमीसारखा कोनाड्याशी गेलो, रिसीव्हर उचलला, किंचाळी ऐकली. पण त्या दिवशी लगेच ठेवला नाही. किंचाळी डळमळली, तुटली, आणि मागे नेहमीचा साधा सूर राहिला. मी ठेवला. बाहेरच्या खोलीतली पेटी टिकटिकली, म्हणजे साडू पुन्हा लावत होते. कनेक्शन लागायला वेळ दिला आणि पुन्हा उचलला. पुन्हा तुटलं. तिसऱ्यांदा उचलायची काही गरज नव्हती, तरी उचलला. प्रयोग, निरीक्षण, निष्कर्ष, हे मी पोरांना वर्षानुवर्षं घोकायला लावलं होतं. निष्कर्ष तोंडाने बोलायची वेळ आली तेव्हा मात्र मास्तर पलंगाच्या कडेवर बसून राहिला.

संध्याकाळी मी सांगायला मळ्यात गेलो. सायकल दामटत गेलो. ओसरीवर वस्ती जमलेली. साडू म्हणाले, "बरं झालं आला. सकाळी नारळ तुमच्या हातानं." मी म्हणालो, साडूभाऊ, जरा थांबू या, आठ दिवस बघू, कदाचित आपोआप सुधारेल. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आपोआप सुधारणं हा शब्दच साडूंना माहीत नव्हता. ते माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला आणि लोकांना म्हणाले, "बगा, सरांचं मन हळवं हाय. झाड म्हनलं की जीव तुटतो त्यांचा." मग मला म्हणाले, "मलाबी वाटतं. पर तिचं वाक्य आर्धं येतं, साडूभाऊ." यावर मला एकच उत्तर द्यायचं होतं आणि ते चार माणसांसमोर द्यायचं होतं. मी चहा प्यालो आणि घरी आलो.

सकाळी त्यांनी खोडाला हळदकुंकू लावलं. झाडावर बसणाऱ्या पाखरांना, मुंग्यांना दुसरीकडे जा म्हणून सांगितलं. हे आमच्याकडे सांगतात. मी नारळ फोडला. मग साडूंनी टोपी काढली, खोडाला कपाळ टेकलं आणि हात जोडून म्हणाले, "चुकलं-माकलं माफ कर. पोरीसाठी करतोय." पहिली कुऱ्हाड त्यांनीच घातली.

दुपारी मी त्यांना म्हटलं, तुमची पक्कड द्या जरा. "कशाला?" मी म्हणालो, घरी एक वायर आडवी येतीये. ते लगेच उठले, "चला, मी तोडून देतो." मी म्हणालो, नको, ती माझी मलाच तोडायला हवी. याच्यापेक्षा कबुलीच्या जवळ मी पुढे कधी पोचलो नाही. घरी जाऊन कोनाड्यातली तार तोडली आणि फोन ट्रंकेत घातला. बायको भाजी निवडत होती. तिने वर पाहिलं आणि पुन्हा भाजी निवडायला लागली.

दुसऱ्या दिवशी चारला कनेक्शन लागलं आणि पाचपर्यंत तुटलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. साडू मोपेडवरून हात सोडून नेवाशात आले. त्यानंतर जे झालं ते लिहायला मला सगळ्यात जड जातंय. वस्तीवर माझा सत्कार झाला. शाल आणि श्रीफळ. साडूंनी भाषण केलं की शिक्षण असावं तर असं, आम्ही साऱ्या रानात शोधत बसलो आणि सरांनी घरात बसून बोट ठेवलं. घरी आल्यावर बायको एवढंच म्हणाली, "शाल उबदार आहे. घालत जा." ती शाल मी आजवर घातलेली नाही. लोक टीव्ही दिसत नाही म्हणून माझ्याकडे येऊ लागले. सर, कुठलं झाड काढू? मी म्हणायचो, कुठलंही नको, अँटेना फिरवा. तर म्हणायचे, सर नम्र आहेत. जांभळाचं लाकूड पाण्यात कुजत नाही, म्हणून साडूंनी थोडं विहिरीला वापरलं आणि उरलेल्यातून माझ्यासाठी फोन ठेवायला एक चौरंग करून आणला. तो अजून माझ्या घरात आहे. फोन उचलायला गेलो की हात आधी त्याला लागतो.

वैशाली मे महिन्यात आली. मी आणि बायको मळ्यात गेलो होतो. ती सगळ्यांना भेटून विहिरीकडे गेली आणि सवयीने पत्र्याला तळहात लावून उभी राहिली. मग वर पाहिलं. वर नुसतं ऊन होतं. साडू तिच्यापाशी गेले आणि हातांनी सांगू लागले, रेषा, लहरी, पानं, आणि शेवटी माझ्याकडे बोट. तिने माझ्याकडे पाहिलं. मग वडिलांकडे वळून हातांनी काहीतरी बोलली. साडू मला म्हणाले, "ती म्हनती, जांभळं काय, बाजारात मिळत्यात." मला तिची भाषा येत नव्हती. पण तिचे हात बराच वेळ हलले होते, आणि साडूंचं वाक्य आखूड होतं.

त्यानंतर ते रोज बोलले. तिचं लग्न ठरलं ते त्या पडद्यावर, पावसाची, भाकरीची, चेअरमनची खबर गेली ती त्या पडद्यावर. माझा मुलगा पूर्वीइतकाच फोन करत राहिला. लाईन मोकळी ठेवून काही फरक पडला नाही.

वर्षं गेली. वस्तीवर खांबावरून तार आली, मग तीही मागे पडली आणि सगळ्यांच्या खिशात मोबाईल आले. गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी मी मळ्यात गेलो होतो. बायको जाऊन वर्ष झालं होतं. ती माझं गुपित बरोबर घेऊन गेली होती, आणि आता ते एकट्याच्याने वाहवेना. आज सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. साडू थकले होते, पण हात तसेच. ओसरीवर पाण्याच्या तांब्याला टेकवून त्यांनी मोबाईल उभा केला, कारण त्यांना बोलायला दोन्ही हात मोकळे लागायचे. पडद्यावर वैशाली. केस पांढरे व्हायला लागलेले. बापलेक काचेतून बोलत होते, एसटीच्या खिडकीतून बोलायचे तसे. साडूंनी मला समोर ओढलं, तिला हातांनी काही सांगितलं आणि मला म्हणाले, "मी तिला म्हनलं, ह्या मानसामुळं आपलं बोलनं झालं."

दोघंही समोर होते. याहून चांगली वेळ येणार नव्हती. मी म्हणालो, "साडूभाऊ, त्या जांभळाचं एक सांगायचंय. तिलाही सांगा." त्यांनी हात उचलला, आणि पडद्यावरचं चित्र थिजलं. वैशालीचा तळहात अर्ध्यात उघडा, डोळे माझ्याकडे. साडू मोबाईल उचलून कुरकुरत उठले. "थांबा. काय आडवं आलंय ते बगतो." कठड्याला धरत, एकेक पायरी चढत ते गच्चीवर गेले. वर त्यांची पावलं इकडून तिकडे फिरत होती. माझ्यासमोर तांब्या होता. मी तांब्याला म्हणालो, "जांभूळ आडवं नव्हतं, साडूभाऊ. मी होतो. मला माफ करा."

साडू खाली आले, धापा टाकत, पण खूश. "आली रेंज. काय म्हनत हुता?"

मी म्हणालो, "काही नाही. जांभळं आली असतील बाजारात."